घसादुखीपासून हृदयाच्या झडपेपर्यंत : मातांना हे कोणी सांगितले आहे काय?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. मंठ्याकडून, जिंतूरकडून आणि सेलूकडून येणारे रस्ते येथे मिळतात. खेड्यापाड्यांच्या भेटी आटोपून परतताना अनेकदा आम्हांस या फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत थांबावे लागते. अशाच एका दुपारी एक परिचित माउली आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीसह तेथे बसमधून उतरली. मुलगी हसतमुख, दिसावयास अगदी निरोगी. आईच्या हातात मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची जाड फाइल होती. कुठून येणे झाले, असे आम्ही सहज विचारले.

“परभनीहून, फादर. सुई द्यायची व्हती हिला. दर एकवीस दिसाला जावं लागतंय.”

मुलीला झाले आहे तरी काय, या प्रश्नावर तिने आवाज खाली आणला. “हृदयाला छिद्र हाय म्हनत्यात.”

फाइल चाळली तर छिद्राचा उल्लेख कोठेही नव्हता. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, जिला डॉक्टर मायट्रल झडप म्हणतात, ती नीट मिटत नाही व त्यामुळे रक्त मागे गळते, असे टूडी इकोच्या कागदावर लिहिले होते. खाली रोगाचे नाव होते : ऱ्हुमॅटिक हृदयरोग. दोन वर्षे दवाखान्याच्या फेऱ्या घालणाऱ्या आईस आपल्या लेकीच्या आजाराचे नाव ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक होते ते चुकीचे होते. यात तिचा दोष किती आणि इतरांचा किती, याचा विचार करता करता हा लेख लिहावयास घेतला.

हा आजार जन्मतः नसतो. हृदयास जन्मापासून असणारे छिद्र हा निराळा विकार आहे. ऱ्हुमॅटिक हृदयरोगाची सुरुवात होते ती घशापासून. ‘स्ट्रेप्टोकॉकस’ नावाच्या जिवाणूच्या एका विशिष्ट गटामुळे मुलांचा घसा सुजतो, गिळताना दुखते, ताप येतो. पाच ते पंधरा या वयात हे अधिक घडते. बहुतेक मुले चार-सहा दिवसांत बरी होतात आणि घरचे तो ताप विसरून जातात. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांनी विलक्षण प्रकार घडतो. शरीराने त्या जिवाणूशी लढण्यासाठी जी शक्ती उभी केलेली असते, ती आपल्याच शरीरावर उलटते. जिवाणूचे काही घटक आणि आपल्या हृदयातील काही घटक दिसावयास सारखे असतात. अंधारात चोर समजून घरच्याच माणसावर काठी पडावी तसे होते. सांधे सुजतात, हृदयास दाह होतो. या अवस्थेस ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. योग्य उपचार न झालेल्या अशा घसादुखीनंतर शंभरातील फार तर तीन मुलांना हा ताप येतो, पण ज्याला एकदा आला त्याला तो पुन्हा येण्याचा धोका मोठा असतो आणि प्रत्येक खेपेस झडपेवर नवा व्रण पडतो. झडप जाड होते, आखडते, चिकटते. मग ती पुरती उघडत नाही किंवा पुरती मिटत नाही. फ्रेंच वैद्य लासेग यांनी एकोणिसाव्या शतकात या तापाविषयी म्हटले होते की तो सांधे नुसते चाटतो, हृदयाला मात्र चावतो. सांध्यांची सूज काही दिवसांत निशाणी न ठेवता उतरते. झडपेचे तसे होत नाही.

आता त्या माउलीने सांगितलेली हकिकत पाहावी. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरातील सर्वच मुलांचा घसा धरला होता. फाट्यावरच्या मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या. दोन दिवसांत मुलगी शाळेत जाऊ लागली, म्हणून उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठी ठेवून दिल्या. पुढे काही दिवसांनी मुलगी दुखण्याची तक्रार करू लागली. “आज म्हनायची गुडघा दुखायलाय, उद्या म्हनायची घोटा दुखायलाय, परवा मनगट. म्या म्हनलं, खरं दुखनं असतं तर एका जागी ऱ्हायलं असतं. शाळा बुडवायचे बहाने करायली म्हनून दोन चापट्या बी मारल्या.” हे सांगताना तिचे डोळे भरून आले. काही महिन्यांनी विहिरीवरून पाण्याची घागर आणताना मुलगी मध्येच बसू लागली, रात्री उशाला उशी असूनही तिला श्वास पुरेना, तेव्हा धावाधाव झाली.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. दुखणे एका सांध्यातून उठून दुसऱ्या सांध्यात जाणे, हेच ऱ्हुमॅटिक तापाचे ठळक लक्षण आहे. गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे मोठे सांधे एकामागून एक धरतात. एक बरा होतो तोच दुसरा सुजतो. डॉक्टरांना ज्या खुणेवरून संशय यावयाचा, त्याच खुणेवरून आईला मुलगी खोटे बोलते असे वाटले. तिचे निरीक्षण अचूक होते. घसा, ताप, गुडघा, घोटा, दम हे सारे तिने पाहिले होते, कोणत्या क्रमाने घडले तेही तिच्या लक्षात होते. हे सर्व एकाच साखळीचे दुवे आहेत, एवढे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते. मातांच्या अज्ञानाबद्दल शहरातले शिकलेले लोक बोलतात तेव्हा आम्हांस हा प्रसंग आठवतो.

खेड्यांतून फिरताना आम्ही या विषयाची चौकशी करू लागलो, तेव्हा मातांची जी उत्तरे ऐकली त्यांत काही समजुती पुन्हा पुन्हा येत राहिल्या. त्यांतील पहिली शब्दामुळे झाली आहे. या तापाचे मराठी भाषांतर कित्येक ठिकाणी ‘संधिवाताचा ताप’ असे केलेले असते. वात म्हटला की आपल्याकडे डोळ्यांसमोर आजी येते. लेकराला कुठला वात, असे म्हणून आई हसते. दुसरी समजूत ‘वाढीचे दुखणे’ ही होय. वाढत्या वयात मुलांचे पाय रात्री दुखतात हे खरे. परंतु तसे दुखणे बहुधा पोटऱ्या-मांड्यांत असते, सकाळी उठल्यावर मूल पळू लागते, सांधा सुजत नाही, गरम लागत नाही, ताप नसतो. सांधा सुजून लाल झाला, हात लावू देईना, मूल लंगडू लागले, तर त्यास वाढीचे दुखणे म्हणू नये.

तिसरी समजूत अधिक दुःखदायक आहे. या तापाचा परिणाम काही मुलांच्या मेंदूवर होतो. हातपाय, चेहरा आपोआप हलू लागतात. हातातील पेला पडतो, अक्षर बिघडते, मूल कारण नसता रडते वा हसते. झोपेत ही हालचाल थांबते. मुलींमध्ये हे अधिक आढळते, आणि घसा दुखून गेल्यावर कित्येक महिन्यांनीही ते सुरू होऊ शकते, म्हणून त्याचा घशाशी संबंध कोणालाच सुचत नाही. शाळेत बाई रागावतात, घरी वडील मारतात, आणि शेवटी कोणीतरी ‘बाहेरचे’ काही आहे असे सुचवितो. मग देवऋषी, गंडेदोरे. आमच्या स्वतःच्या कुटुंबांतही असे मूल प्रथम प्रार्थनेसाठी आणले जाते. आम्ही प्रार्थना अवश्य करतो, डोक्यावर हात ठेवतो, आणि त्याच दिवशी त्यास डॉक्टरांकडे धाडतो. हा एक आजार आहे, त्यास उपचार आहेत, आणि ते चाळे बहुतेक मुलांत काही आठवड्यांत वा महिन्यांत शमतात. हृदयाची तपासणी मात्र त्या वेळी झालीच पाहिजे.

चौथी समजूत अशी की घसा हा आजारच नव्हे. हळद-मीठ, तुळशीचा काढा, गरम पाण्याच्या गुळण्या यांनी आराम पडतो व त्यात वावगे काही नाही. पुष्कळशी घसादुखी साध्या विषाणूंची असते. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो. तिला प्रतिजैविकांची आवश्यकता नसते व ती विनाकारण देऊही नयेत. परंतु सर्दी-खोकला नसताना एकाएकी घसा दुखून ताप आला, थुंकी गिळणे अवघड झाले, जबड्याखाली मानेत दुखऱ्या गाठी आल्या, तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो, म्हणजे आईच्या हाती पुरेसा अवधी असतो. औषधही महागडे नाही. पेनिसिलिनच्या वा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या किंवा द्रवऔषध दहा दिवस, अथवा बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन. अडचण ‘दहा दिवस’ या शब्दांत आहे. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या दिवळीत जातात. चार गोळ्या सुट्या कापून देणारा दुकानदार आणि त्या मागणारे आपण, दोघेही या बाबतीत सारखेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे आणि दरवर्षी सुमारे तीन लाख साठ हजार माणसे त्याने दगावतात. श्रीमंत देशांतून तो बहुतेक नाहीसा झाला. एका खोलीत आठ जण झोपतात, तेथे एकाचा घसा सर्वांचा होतो. म्हणून हा आजार दाटीच्या घरांचा आणि दवाखाना दूर असणाऱ्यांचा आजार आहे. आपल्या देशात तो अधिक घाईनेही वाढतो. डॉ. सुजॉय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की मायट्रल झडप अरुंद होण्याचा जो विकार पाश्चात्य देशांत प्रौढ वयात दिसतो, तो भारतात विशीच्या आतील मुलांतही आढळतो. शिवाय तो वरून दिसत नाही. हरियानातील बल्लभगड भागात शाळकरी मुलांची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या स्टेथोस्कोपने हजारी एकाहून कमी मुलांत हा रोग सापडला. त्याच मुलांची इको तपासणी केली तेव्हा हे प्रमाण हजारी वीस इतके निघाले. या मुलांना स्वतःला काहीच त्रास नव्हता. आईला तरी तो कसा दिसावा?

मूल एकदा या रोगाच्या नोंदीत आले की आईच्या मनोवृत्तीची खरी कसोटी सुरू होते. पुन्हा घसा बिघडून झडपेवर नवा घाव पडू नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावयाचे असते. आपल्याकडे बहुधा एकवीस दिवस सांगतात. लोक त्यास ‘पेनिड्युअरची सुई’ म्हणून ओळखतात. हृदयास इजा झालेली नसेल तरी निदान पाच वर्षे व मूल अठरा-एकवीस वर्षांचे होईपर्यंत. इजा झालेली असेल तर दहा वर्षे वा त्याहून अधिक, काहींना वयाच्या चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. नेमकी मुदत हृदयरोगतज्ज्ञ ठरवितात. एकवीस दिवसांच्या हिशोबाने वर्षाला सतरा सुया होतात, दहा वर्षांत जवळजवळ पावणेदोनशे. आणि त्या कोणाला? जे मूल धावते, खेळते, खाते-पिते, त्याला. औषध दुखण्यासाठी घ्यावयाचे असते हा आपला अनुभव. येथे दुखू नये म्हणून घ्यावयाचे आहे. “आता बरी हाय की, कशाला टोचायचं लेकराला?” हे आजीचे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे, आणि सुनेला त्यास उत्तर देता येत नाही. उत्तर असे आहे की ती सुई थांबविली म्हणजे पुढच्या घसादुखीला दार उघडे राहते. युगांडात आठशेहून अधिक मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली जाहीर झाले. इको तपासणीत रोगाची केवळ प्राथमिक चिन्हे आढळलेली ही मुले होती. दोन वर्षांत, सुई न मिळालेल्यांपैकी शंभरात आठ मुलांचा रोग वाढला. नियमित सुई मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते.

सुई दुखते, हे नाकारण्यात अर्थ नाही. औषध घट्ट असते, जाड सुईने कमरेखाली द्यावे लागते. बाटली फ्रिजमधून काढल्यावर थोडी हातात धरून कोमट केली, औषध सावकाश सोडले, मुलाला बोलण्यात गुंतविले, तर त्रास कमी होतो. आईने परिचारिकेस हे नम्रपणे सांगण्यास हरकत नाही. खरी अडचण भीतीची आहे, आणि ती आईपेक्षा दवाखान्यात अधिक आहे. पेनिसिलिनची ‘रिअॅक्शन’ येऊन रोगी दगावेल या धास्तीने अनेक ठिकाणी ही सुई देण्यास नकार मिळतो. फाट्यावर भेटलेल्या माउलीला जवळच्या एका दवाखान्यातून याच कारणाने परत पाठविले होते, म्हणून ती मुलीला घेऊन परभणी गाठत होती. गंभीर प्रतिक्रिया क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून सुई दवाखान्यातच घ्यावी, नंतर अर्धा तास तेथेच बसावे, आणि पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले असल्यास आधी सांगावे. ज्यांच्या झडपा फारच खराब झाल्या आहेत त्यांनी सुई की गोळ्या हे तज्ज्ञांना विचारून ठरवावे. जाता जाता एक आठवण : भारतात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर प्रथम तयार झाले ते आपल्याच महाराष्ट्रात, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात, १९५५ साली. सत्तर वर्षे उलटली. त्याच महाराष्ट्रातल्या खेड्यात एका सुईसाठी आईला दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.चे तिकीट अर्धे झाले, तेवढाच दिलासा.

उलट बाजूचेही एक सांगावयास हवे. रक्ताच्या ‘ए. एस. ओ.’ तपासणीत आकडा वाढलेला दिसला म्हणजे हा रोग आहेच असे नाही. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की अलीकडे तो जिवाणू शरीरात येऊन गेला. केवळ त्या कागदावरून वर्षानुवर्षे सुया घेणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. लक्षणे, तपासणी व इको एकत्र पाहूनच निदान होते. शंका असल्यास मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

आता त्या विषयाकडे वळतो, ज्याबद्दल घराघरांत मौन पाळले जाते. फाट्यावरच्या माउलीने आवाज खाली का आणला? कारण मुलगी वयात येत होती. “फादर, कुनाला सांगू नका. उद्या सोयरीक करायची म्हनलं तर कोन घेईल हिला?” ऱ्हुमॅटिक हृदयरोग, विशेषतः झडप अरुंद होण्याचा प्रकार, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. आणि मुलीच्या आयुष्यात सुई तुटण्याची सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे तिचे लग्न. आजार लपविलेला असतो. सासरी जाताना फाइल माहेरच्या पेटीत राहते. दर एकवीस दिवसांनी सुई कशासाठी, असे सासरी कोणी विचारू नये म्हणून सुई बंद होते. नवऱ्यालाही सांगितलेले नसते. वर्ष-दीड वर्षात दिवस राहतात.

गरोदरपणी स्त्रीच्या शरीरातील रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते आणि हृदयास तितके अधिक काम पडते. निरोगी हृदय हे सहन करते. अरुंद झडपेतून ते वाढलेले रक्त पुढे जाऊ शकत नाही; ते मागे फुप्फुसांत तुंबते. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून दम लागतो, आडवे झोपवत नाही, खोकला येतो, कधी थुंकीतून रक्त पडते. पोट वाढले की दम लागायचाच, असे सासूबाई म्हणतात. त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते. प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतर चोवीस तासांत अशा स्त्रीची प्रकृती एकाएकी ढासळू शकते. माहेरच्यांनी लेकीच्या भल्यासाठी म्हणून जे लपविले, ते अशा वेळी सर्वांसमोर उघडे होते, आणि तेव्हा रुग्णवाहिका रस्त्यात असते.

म्हणून मातांना आमचे सांगणे आहे की या रोगाची सौम्य अवस्था असलेल्या मुलींची लग्ने होतात, त्यांना सुखरूप मुले होतात. पेनिसिलिनची सुई गरोदरपणातही चालते आणि चालू ठेवावयाची असते. अट एकच, लग्नापूर्वी आणि दिवस राहण्यापूर्वी हृदयाची तपासणी व्हावी. झडप फार अरुंद असेल तर मांडीतील शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करण्याची क्रिया छाती न उघडता होते; ती गरोदरपणाआधी करून घेणे उत्तम. ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसविली आहे त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. त्या गोळ्या गर्भास अपायकारक ठरू शकतात, आणि मनाने बंद केल्या तर झडपेत गुठळी होऊन आईच्या जिवावर बेतते. अशा स्त्रीने दिवस राहण्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांस भेटावे. धर्मग्रामांतील विवाहपूर्व प्रशिक्षण वर्गांत वधू-वरांनी एकमेकांशी प्रामाणिक असावे असे आपण शिकवितो. त्यात एकमेकांच्या फाइली दाखविणे येते, हेही तेथे उघड बोलले गेले पाहिजे. सांगितल्यावर मोडलेली सोयरीक आम्ही पाहिली आहे. सांगूनही आनंदाने झालेले लग्न आणि पुढे नवरा स्वतः सुईची तारीख लक्षात ठेवतो असेही घर पाहिले आहे.

मातांची जाणीव म्हणता म्हणता सारा भार पुन्हा मातांवरच टाकला जातो, याची आम्हांस जाणीव आहे. आम्ही पाहिलेल्या फायलींवर मजकुरात वडिलांचे नाव असते, फाइल धरणारा हात मात्र आईचा असतो. मूल आजारी पडले की ‘तुझ्याकडूनच आलं’ हेही तीच ऐकते. हा रोग आईकडून पोटात आलेला नसतो, एवढे जरी घरातील पुरुषांनी समजून घेतले आणि महिन्यातून एक फेरी स्वतः केली, तरी पुष्कळ होईल.

सरकारी पातळीवर काही सोयी आहेत, त्या मातांना ठाऊक असाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडीत व सरकारी शाळांत वैद्यकीय पथक येऊन मुलांची तपासणी करते, आणि तपासावयाच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचे नाव स्पष्टपणे आहे. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. सांधे सुजून गेले असतील, दम लागत असेल, तर चिठ्ठीवर लिहून पाठवावे. झडपेच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली होतात. २०२३ च्या निर्णयानुसार ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी आहे व मर्यादा पाच लाख रुपयांची आहे. गरोदर स्त्रियांसाठी दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून हा उपक्रम आहे. त्या दिवशी ‘लहानपणी सांधे सुजले होते, सुया चालू होत्या’ एवढे एक वाक्य बोलावे. परभणीचे जिल्हा रुग्णालय, नांदेडचे शासकीय रुग्णालय व छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’ ही आपल्या भागातील ठिकाणे आहेत.

केवळ माहिती दिल्याने काय होणार, असे कोणी विचारील. क्यूबा या छोट्या देशातील पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे एक कार्यक्रम राबविला गेला. भव्य यंत्रसामग्री नव्हती. घसादुखीचा वेळेवर उपचार, रोग झालेल्यांची नोंदवही, नियमित पेनिसिलिन, आणि पालक, शिक्षक, आरोग्यसेवक यांचे शिक्षण एवढेच होते. दहा वर्षांत शाळकरी मुलांतील या हृदयरोगाचे प्रमाण हजारी सव्वादोनवरून पाव टक्क्यावर नव्हे, तर हजारी पाववर आले; म्हणजे जेथे नऊ मुले आजारी होती तेथे एक उरले. नोंदवही आणि आईचे कान, याहून त्यात विशेष काही नव्हते. धर्मभगिनींच्या दवाखान्यांतून, रविवारच्या मिस्सेनंतरच्या महिला मंडळाच्या बैठकीतून हे आपल्याकडेही होऊ शकते.

एस. टी. आली तेव्हा त्या माउलीने शेवटचा प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आम्हांस तेथे देता आले नाही. “दिवाळीनंतर आमची टोळी ऊसतोडीला जायची हाय, फादर. तिकडं कोन देईल सुई?” दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, पाच-सहा महिने, कारखान्याच्या आसपास कोपीत राहणे, उचल घेतलेली, एक दिवस चुकला की खाडा. एकवीस दिवसांचे गणित या जीवनात बसविणे सोपे नाही. पुढे आम्ही डॉक्टरांशी बोलून चौकशी केली आणि तिच्या घरी जाऊन जे ठरले ते असे. डॉक्टरांकडून एका कागदावर मुलीचे नाव, रोगाचे नाव, औषधाचे नाव व मात्रा, आजवर प्रतिक्रिया आली नसल्याची नोंद आणि शेवटच्या सुईची तारीख लिहून घेतली. त्याच्या तीन प्रती केल्या, एक फायलीत, एक आईच्या पिशवीत, एक घरी आजीकडे. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव मुकादमाकडून विचारून कागदाच्या मागे लिहिले. मुकादमास मुलीच्या वडिलांनी स्वतः सांगावयाचे ठरले, की दर तीन आठवड्यांनी अर्धा दिवस एक कोयता थांबेल आणि त्याचा खाडा धरू नये. मुकादम अद्याप पुरते ‘हो’ म्हणालेले नाहीत.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलीनेच मोजून मोजून लाल गोल काढले. वर्षाच्या शेवटी पान संपले तेव्हा तिने नव्या वर्षाची दिनदर्शिका मागितली. ती तेव्हा बाजारात आलेली नव्हती. मग वहीच्या पाठपानावर एप्रिलपर्यंतच्या तारखा लिहून दिल्या. धाकट्याचा घसा त्या दिवशी पुन्हा धरलेला होता. आईने दिवळीतल्या जुन्या गोळ्या काढल्या, आमच्याकडे पाहिले, परत ठेवल्या आणि चुलीवरचे उतरवून त्याला दवाखान्यात न्यावयास निघाली.